तीस रुपयांची रिंग

बऱ्याच दिवसांत काही लिहिले नव्हते. मधे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मग घरात पाहुणे, मग पाऊस... असो. आज लिहायला बसले आहे ते एका ट्रॅक्टरच्या गळतीवर. हसू नका! जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला ट्रॅक्टरमधले काय कळते, असे माझ्या पुतण्यालाही वाटले होते. पण त्या गळतीने मला पार साठ वर्षे मागे नेले आणि तिथे माझे एक देणे राहिले आहे असे लक्षात आले. ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

तर झाले असे. आमचे खडकवासले २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. गावात आता इमारती इतक्या झाल्या आहेत की शेत म्हटले तर नवीन लोक हसतात. पण डोंगराच्या अंगाला आमचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. माझा पुतण्या सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला कॉम्प्युटरपुढे बसतो आणि शनिवार-रविवार त्या तुकड्यात भाजी करतो. त्यासाठी त्याने एक छोटा ट्रॅक्टर घेतला आहे, अठरा अश्वशक्तीचा. दोन सरींच्या मधून जातो, बांधावर वळतो. माझ्या उंचीच्या बाईलासुद्धा त्यावर सहज चढता येते.

या ट्रॅक्टरची लिफ्ट कुरकुरायला लागली. लिफ्ट म्हणजे मागचे दोन हात, ज्यांना रोटाव्हेटर जोडतात. दांडा ओढला की हे हात अवजार वर उचलतात. उचलायला वेळ लागायचा, मधेच धक्के बसायचे आणि आतून दमेकऱ्यासारखा आवाज यायचा. खाली जमिनीवर तेलाचा डाग, दर रविवारी आधीपेक्षा थोडा मोठा. पुतण्याने दोनदा तेल ओतले. एकदा कुठून तरी चिकट सीलंट आणून पायपाच्या सांध्यावर थापले. दोन दिवस बरे चालले, तिसऱ्या दिवशी पुन्हा डाग. शेवटी मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्री चाळिशीतला, मोजकेच बोलणारा. माझा विद्यार्थी नव्हे, पण गावात सगळेच मला बाई म्हणतात, तसा तोही म्हणाला, "बाई, तुम्ही सावलीत बसा." मी सावलीत बसले, पण खुर्ची मुद्दाम अशी ठेवली की सगळे दिसावे!

आधी त्याने काहीच उघडले नाही. रोटाव्हेटर वर उचलायला लावला, इंजिन बंद केले आणि बिडी पेटवून नुसता बघत बसला. दहा मिनिटे झाली तरी रोटाव्हेटर जागचा हलला नाही. "आतला सिलिंडर शाबूत आहे," तो म्हणाला. "आतून गळत असता तर एव्हाना खाली बसला असता. गळती बाहेरच्या पायपाला आहे." मग डिझेलने तो सगळा भाग धुतला, कापडाने कोरडा केला, कारण धूळ आणि तेलाच्या राड्यात सगळीकडेच गळते आहे असे वाटते. इंजिन पुन्हा सुरू केले, लिफ्ट वरखाली केली. पुतण्या वाकला आणि पायपाच्या खालून बोट फिरवून ओल कुठे लागते ते बघणार, एवढ्यात मिस्त्री ओरडला, "हात नका लावू!"

नंतर त्याने सांगितले ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. या पायपात दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास दाब असतो. सुईच्या अग्राएवढे भोक असले तरी त्यातून तेलाची जी चिळकांडी उडते ती डोळ्यांना दिसत नाही, पण कातडी भेदून आत घुसते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, फारशी दुखतही नाही. माणूस कामाला लागतो. काही तासांत आतले मांस सडू लागते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाते, कधी हात जातो. म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याने. मिस्त्रीने खोक्याचा एक लांब पुठ्ठा घेतला, पायपाच्या कडेने लांबूनच फिरवला आणि पंपाकडून येणारा पाइप जिथे वरच्या झाकणाला मिळतो तिथे पुठ्ठ्यावर एक बारीक काळी रेघ उमटली. सापडली चोर!

मग रोटाव्हेटर जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केले, दांडा दोन-चार वेळा पुढेमागे करून उरलासुरला दाब सोडला आणि मगच पाना लावला. सांधा उघडला तेव्हा आतून एक काळी रबरी रिंग निघाली. माझ्या करंगळीतल्या वेढ्यापेक्षा जरा मोठी. गोल असायला हवी ती एका बाजूने चपटी झालेली, आणि नखाने दाबली तर लाकडासारखी कडक. "ही बघा बाई, एवढीच भानगड," मिस्त्री म्हणाला.

एवढीशी रिंग! आणि तिच्यामुळे अठरा घोडे खोळंबलेले. घरी आल्यावर मी याचे मूळ शोधायला बसले. (निवृत्तीनंतरचा हा छंद तुम्हाला ठाऊकच आहे.)

पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केला होता. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर एक किलो वजन ठेवा, त्याला जोडलेल्या शंभर चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर शंभर किलो उचलले जातील. फुकट मात्र काही नाही. लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली गेला तर मोठा एकच सेंटिमीटर वर येतो. पास्कलचा हा ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यानंतर या नियमावर चालणारे कामाचे यंत्र व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली त्याचे पेटंट घेतले. हा यॉर्कशायरच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, धंद्याने सुतार, पुढे कुलुपांसाठी प्रसिद्ध झालेला.

एवढा उशीर का? नियम तर ठाऊक होता. घोडे पेंड खात होते ते गळतीपाशी! दट्ट्या वरखाली व्हायचा तर तो सिलिंडरमध्ये जरा सैल हवा. सैल ठेवला की कडेने पाणी उसळून बाहेर. कडेला घट्ट भरण कोंबले की पाणी थांबायचे, पण दट्ट्याही तिथेच अडकायचा, दाब काढला तरी परत खाली येईना. ब्रामाच्या कारखान्यात तेव्हा हेन्री मॉडस्ले नावाचा तरुण कामगार होता. अठराव्या वर्षी तिथे लागलेला. सॅम्युएल स्माइल्स या चरित्रकाराने १८६३ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की तोडगा या मॉडस्लेने काढला. त्याने कातड्याची एक वाटीसारखी वळलेली पट्टी दट्ट्याभोवती बसवली. पाण्याचा दाब वाढला की पाणीच त्या वाटीत शिरून तिची कड फाकवते आणि दट्ट्यावर घट्ट दाबते. दाब गेला की कड आपोआप सैल होते, दट्ट्या सुखाने खाली येतो. म्हणजे जे पाणी बाहेर पडायला बघते, त्यालाच दाराशी पहारेकरी म्हणून बसवले.

तुम्हाला ही वाटी दूरची वाटत असेल तर घरातला रॉकेलचा स्टोव्ह आठवा. त्याच्या पंपाच्या दांड्याला चामड्याचे एक वायसर असायचे. ते सुकले की पंप मारला तरी हवा भरायची नाही. मग आई दांडा बाहेर काढायची, वायसरला खोबरेल लावायची, बोटांनी त्याची कड फुलवायची आणि परत आत घालायची. सायकलच्या पंपात तेच. मॉडस्लेची वाटी आमच्या स्वयंपाकघरात होती आणि मी मात्र वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना जेम्स वॅट आणि स्टीफन्सन यांच्यापुढे कधी गेले नाही.

या मॉडस्लेची पुढची गोष्ट ऐका. त्याला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. संसार वाढला म्हणून त्याने पगार थोडा वाढवून मागितला. ब्रामाने साफ नाही म्हटले. १७९७ साली मॉडस्ले नोकरी सोडून बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला. पुढे तो फार मोठा झाला, पण ते त्याचे नशीब आणि कर्तृत्व. पेटंटवर नाव ब्रामाचे. आजही त्या यंत्राला ब्रामाचा प्रेस म्हणतात.

आता ही गोष्ट शेतात कशी आली ते सांगते. हॅरी फर्ग्युसन हा उत्तर आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच्याकडे आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची जबाबदारी आली. त्या वेळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता साखळीने जोडत, बैलाच्या मागे जोडावा तसा. नांगर दगडाला अडकला की चाके फिरतच राहायची, ट्रॅक्टरचे तोंड वर उठायचे आणि तो उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर पडायचा. शेतकरी म्हणायचे, जड ट्रॅक्टर घ्या म्हणजे उलटणार नाही. जड ट्रॅक्टरने जमीन दडपून जायची. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडला, दोन हात खाली आणि एक वर, आणि ते हात तेलाच्या दाबाने उचलण्याची सोय केली. या जोडणीत नांगराला जमीन जो विरोध करते तोच मागच्या चाकांवर वजन होऊन बसतो. ट्रॅक्टर उलटत नाही, उलट त्याची पकड वाढते. म्हणजे हलका, छोटा ट्रॅक्टरही जड काम करू शकतो. ही जोडणी असलेला ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात आला. युद्धानंतर १९४६ पासून निघालेला त्याचा छोटा करडा ट्रॅक्टर तर दहा वर्षांत पाच लाखांवर खपला. आपल्याकडे १९६० साली मद्रासला सुरू झालेली टॅफे कंपनी याच घराण्यातले मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवू लागली. आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर बघा, मागे तेच तीन बिंदू दिसतील.

फर्ग्युसनचाही एकदा हक्क बुडत होता. हेन्री फोर्डशी त्याने १९३८ साली नुसते हात मिळवून करार केला, कागद नाही. पुढे फोर्डच्या नातवाने तो मोडला पण फर्ग्युसनची योजना वापरणे चालू ठेवले. फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ साली त्याला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. ज्याच्याकडे पेटंट आणि वकील असतात त्याचे देणे बुडत नाही, एवढे यातून दिसते.

राहिली आपली काळी रिंग. ती नील्स क्रिस्टेन्सन याची. जन्माने डॅनिश, अमेरिकेत स्थायिक. त्याने पेटंटसाठी अर्ज केला १९३७ साली, तेव्हा त्याचे वय होते बहात्तर! (माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, ऐकताय ना?) पेटंट मिळाले १९३९ साली. मॉडस्लेने कातड्याच्या वाटीकडून करून घेतले तेच याने रबराच्या साध्या गोल रिंगकडून करून घेतले. रिंग खाचेत बसवायची, तेल तिला एका बाजूला रेटते, रिंग दबून फट बुजवते. जितका दाब अधिक तितकी ती घट्ट. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या चाकांपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे ती गेली. ती कडक झाली तर काय होते तेही जगाने पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले, सात माणसे गेली. रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग त्या रात्रीच्या थंडीने ताठरली होती. फाइनमन या शास्त्रज्ञाने चौकशीच्या वेळी तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून सगळ्यांदेखत दाखवला, त्याला दाबले तर तो पूर्ववत होत नव्हता. थंडीत रिंग फुगणार नाही ही शंका इंजिनियरांनी आदल्याच रात्री बोलून दाखवली होती. त्यांचे ऐकले गेले नाही.

गळती हा शब्द आमच्या गावात कोणी हलक्याने घेत नाही. १२ जुलै १९६१, मी अकरा वर्षांची होते. पानशेतचे धरण मातीचे, काम अजून पुरे झालेले नव्हते. पाणी सोडण्याच्या बोगद्यापाशी, विमोचकाशी, भराव खचत होता. आदल्या रात्री सैन्याच्या जवानांनी पावसात वाळूच्या गोण्या रचून रचून धरण काही तास तगवले, म्हणून पुण्यात पाणी शिरले ते रात्री झोपेत नव्हे, दिवसा. सकाळी पानशेत फुटले. ते पाणी आमच्या खडकवासल्याच्या धरणावर आले. १८७९ साली पुरी झालेली ती दगडी भिंत दुपारी फुटली. आम्ही पोरे डोंगरावर होतो. आवाज आठवतो आणि त्या आवाजानंतर आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला, तेही आठवते. पुण्यातल्या किती पेठा, किती पूल पाण्याखाली गेले ते सर्वांना माहीत आहे. त्या गोण्या रचणाऱ्या जवानांची नावे मात्र मी कुठल्याही वर्गात कधी सांगितली नाहीत, आणि मला कोणी विचारलीही नाहीत.

आता माझ्या देण्याकडे येते.

आमचे शेत कालव्याच्या वरच्या अंगाला. कालवा खालून वाहतो, त्याचे पाणी वर चढणार कसे? धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्यासाठीच झाली असावी. म्हणून विहीर, आणि विहिरीवर मोट. नव्या पोरांसाठी सांगते. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली तिला हत्तीच्या सोंडेसारखी नळी. वरच्या तोंडाला जाड दोर, नाडा. सोंडेला बारीक दोर, सोल. बैल उतारावरच्या धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची, सोंड थारोळ्यात पडायची आणि पाणी भळाभळा पाटाला लागायचे. मोटेला एक जरी शिवण उसवली तरी निम्मे पाणी वर येईपर्यंत विहिरीतच परत. बैल तेवढेच दमणार, मोटकरी तेवढाच ओरडणार, भाजीला पाणी निम्मे.

ही मोट शिवायला आणि सांधायला गावातले चर्मकार म्हातारबाबा यायचे. बारा बलुतेदारांपैकी एक. पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर यायचे आणि त्यांच्या वाट्याचे धान्य न्यायचे. मी त्यांच्याजवळ बसून बघायची. जरा लांब बसायची, कारण तसे सांगितलेले असे. ते मोट पाण्याने भरून टांगायचे आणि नुसते बघत बसायचे. कुठे पहिला थेंब फुटतो ते बघून तिथे कोळशाने खूण करायचे. मग मोट रिकामी करून दोन्ही बाजूंनी टाका घालायचे, वादी ओली असतानाच ओढायचे म्हणजे वाळल्यावर आणखी आवळते, आणि शेवटी तेल चोळायचे. साठ वर्षांनी मिस्त्री रोटाव्हेटर वर टांगून बिडी ओढत बघत बसला तेव्हा मला पहिल्यांदा कोण आठवले असेल, ते तुम्हाला आता कळले असेल.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांना अरे-तुरे करायचे. म्हातारबाबा अण्णांपेक्षा वीस वर्षांनी तरी मोठे, पण ते अण्णांना अहो म्हणायचे. खळ्यावर धान्य मापताना दर वर्षी घासाघीस व्हायची. "यंदा दोनदाच तर आलास," अण्णा म्हणायचे. म्हातारबाबा कधी वाद घालायचे नाहीत. म्हणायचे, "द्या तुमच्या मनाला येईल ते." अण्णा वाईट नव्हते हो. गावातल्या चार लोकांसारखेच होते. पण दोनदाच यावे लागले, कारण पहिल्यांदा टाका नीट घातला होता, हे त्यांना कधी सुचले नाही. मलाही नाही.

१९६४ साली आमच्या विहिरीवर डिझेल इंजिन आले. पुण्यात खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना १९४६ पासून होता आणि त्या काळात आसपासच्या विहिरींवर भराभर इंजिने बसत होती. चांगलेच झाले ते. बैलांचे हाल वाचले, माणसांचेही. पण मोट बंद म्हणजे मोटेचे बलुतेही बंद. अण्णांनी मला सांगितले, "शाळेत जाता जाता त्याला सांग, यंदापासून सुगीला येऊ नको म्हणावं." मी चौदा वर्षांची. दप्तर पाठीला लावून त्यांच्या अंगणाच्या कडेला उभी राहिले आणि अण्णांचे शब्द जसेच्या तसे बोलून टाकले. 'येऊ नको' हे सुद्धा तसेच, अरे-तुरेत. त्यांनी हातातले काम थांबवले. जरा वेळाने म्हणाले, "बरं. मोट ओली ठेवा म्हणावं अण्णांना. वाळली की तडकंल."

मी तो निरोप घरी सांगितला नाही. कशाला सांगायचा, मोट तर आता लागणार नव्हती. ती गोठ्यात टांगून ठेवली, एका उन्हाळ्यात वाळून तडकली आणि पुढे कधीतरी उकिरड्यावर गेली.

मॉडस्लेचे नाव मला ठाऊक आहे, कारण इंग्लंडमध्ये ते कोणीतरी लिहून ठेवले. म्हातारबाबांचे खरे नाव मला आजही ठाऊक नाही. गावात त्यांना सगळे जातीच्या नावानेच हाक मारायचे, आम्ही पोरे म्हातारबाबा म्हणायचो. तीन दशके मी मुलांना राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या. आमच्या विहिरीचे पाणी ज्याच्या टाक्यावर चालले, त्याचे नाव विचारायला मला एक मिनिट मिळाले नाही.

परत रविवारकडे. मिस्त्रीने खाच कापडाने पुसली. स्क्रूड्रायव्हरने खरवडायची नाही म्हणाला, ओरखडा उठला की नवी रिंगही गळते. सीलंटची सगळी खपली काढली. "हे तुकडे आत गेले असते तर पंपाची वाट लागली असती," एवढेच म्हणाला, पुतण्याकडे न बघता. जुन्या रिंगच्या मापाची नवी रिंग पेटीतून शोधली, तिला तेल लावले, बोटाने फिरवत खाचेत बसवली, बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळत आणले. हात खाली टेकवलेले असतानाच तेलाची पातळी पाहून तेल भरले. मग आतली हवा जावी म्हणून लिफ्ट दहा-बारा वेळा सावकाश वरखाली केली. कुरकुर थांबली. पुन्हा पुठ्ठा फिरवला. पुठ्ठा कोरडा.

"किती झाले?" पुतण्याने विचारले.

"रिंगचे तीस. मजुरीचे सातशे द्या."

"तीस रुपयांच्या रिंगला सातशे मजुरी? अहो मिस्त्री, काहीतरी विचार करून सांगा."

मिस्त्रीने हात पुसत पुसत खाली बघितले आणि म्हणाला, "द्या तुमच्या मनाला येईल ते."

मंडळी, खरे सांगते, मला खुर्चीतून उठताना गुडघ्याचा त्रास होतो, पण त्या दिवशी मी कशी उठले ते मला कळले नाही. "सातशे तीस दे," मी पुतण्याला म्हटले. "आत्या, अगं..." "सातशे तीस. तुझे बोट शाबूत आहे ना? त्याचे काही वेगळे मागितलेले नाही त्याने." पुतण्या तसा गुणी आहे. जरा गोरामोरा झाला, पण मुकाट्याने पैसे दिले आणि चहाला थांबवून घेतले.

चहा पिताना मी ट्रॅक्टरची पुस्तिका मागवली. तिच्यात मागे दुरुस्तीच्या नोंदीसाठी कोरी पाने असतात, कधी कोणी भरत नाही. "तुमचे पूर्ण नाव सांगा," मी मिस्त्रीला म्हटले. तो आधी बावरला, तक्रार करताय का बाई, म्हणाला. नाही म्हटल्यावर त्याने नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. मी तारीख घातली, काय बिघडले होते, काय बदलले ते लिहिले आणि खाली त्याचे नाव, शाळेतल्या हजेरीपटावर लिहायचे त्या अक्षरात. ते नाव इथे देत नाही, त्याने नको म्हटले. पुस्तिकेत आहे.

त्या नोंदीच्या वर मी एक ओळ मोकळी सोडली आहे. गावात अजून दोन-तीन म्हातारी माणसे आहेत, त्यांना विचारणार आहे. म्हातारबाबांचे नाव मिळाले तर तिथे लिहीन. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मोटेची नोंद म्हणजे विसंगत दिसेल, पण शेत तेच आहे आणि विहीरही तीच.

आमच्या नातेवाइकांपैकी कोणाला ते नाव आठवत असेल, विशेषतः धायरीच्या काकूंना, तर कृपा करून कळवा. वाट बघते आहे.